फुफ्फुसातले सूक्ष्मजीव आणि रिकाम्या ट्यूबा: एका पीएचडीची तीन वर्षं

जून २०२५ मध्ये प्रबंध जमा केला. त्याआधीची जवळजवळ तीन वर्षं मी एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माणसाच्या फुफ्फुसातल्या जिवाणूंवर काम करत होते. सुरुवातीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कुठला प्रश्न कुणाला विचारायचा, हेही कळत नव्हतं. असं काम नुकतंच हाती घेतलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. तारखा माझ्या डायरीतल्या आहेत. पैशांचे आकडे देत नाही, कारण ते जागोजागी बदलतात. पण खर्च कुठे झाला ते सांगेन.

१ ऑगस्ट २०२२ ला रुजू झाले. लॅबमध्ये आम्ही सात जण. गाईड मॅडम सूक्ष्मजीवशास्त्रातल्या. छातीविकारतज्ज्ञ डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस आमच्यासाठी वेळ काढायचे. एक पोस्टडॉक (पीएचडी झालेला संशोधक), संगणकावरचं विश्लेषण पाहणारा एक सहकारी, लॅबचे तंत्रज्ञ, सहभागी लोकांशी बोलणाऱ्या रिसर्च सिस्टर आणि मी. पहिल्या आठवड्यात पिपेट हातात मिळेल असं वाटलं होतं. मिळाली ती फॉर्मची फाइल.

त्या फाइलमधला सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात वेळखाऊ कागद म्हणजे लसीकरणाचा. माणसाच्या शरीरातले नमुने हाताळायचे तर हेपटायटिस बी ची लस लागते. तिचे तीन डोस: पहिला, मग एका महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. त्यानंतर रक्ताची तपासणी करून प्रतिकारशक्ती आली की नाही ते बघतात. म्हणजे ऑगस्टमध्ये सुरुवात केली तरी परवानगी हातात पडेपर्यंत एप्रिल २०२३ उजाडला. तंत्रज्ञांनी मला दुसऱ्याच दिवशी हाताला धरून पाठवलं होतं म्हणून निभावलं. माझ्यानंतर आलेल्या एकाने हा कागद मागे ठेवला आणि त्याचे चार महिने बसून गेले. तेव्हा रुजू झालात की पहिलं काम हे करा. त्याच आठवड्यात क्षयाची तपासणी झाली आणि मास्कची फिट टेस्टही. मास्क घालून डोक्यावर टोपडं चढवतात, आत कडू फवारा मारतात आणि तुम्हाला मोठ्याने वाचायला लावतात. चव लागली तर मास्क नीट बसलेला नाही. मला तिसऱ्या आकाराचा बसला.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर वाचनात गेले. कित्येक वर्षं निरोगी फुफ्फुस निर्जंतुक असतं असंच शिकवलं जात होतं. २००७ मध्ये ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्ट सुरू झाला तेव्हा तोंड, नाक, त्वचा, आतडं आणि योनिमार्ग इथले नमुने घ्यायचं ठरलं; फुफ्फुस त्या यादीत नव्हतं. २०१० मध्ये इम्पीरियल कॉलेज लंडनमधल्या गटाने श्वासनलिकांमधल्या जिवाणूंचा डीएनए वाचून दाखवून दिलं की त्या निर्जंतुक नसतात, आणि दमा असलेल्यांमधली जिवाणूंची वस्ती निरोगी माणसांपेक्षा वेगळी दिसते. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने निरोगी माणसांच्या घशापासून फुफ्फुसापर्यंतचे नमुने तपासले. त्यांना खाली जे जिवाणू मिळाले ते बहुतेक वरचेच होते, फक्त संख्येने शेकडो-हजारो पटींनी कमी.

हे वाचून मी मॅडमकडे गेले आणि विचारलं, "मग फुफ्फुसाचे असे स्वतःचे जिवाणू आहेत की नाहीत?" त्यांनी मिशिगन विद्यापीठातल्या डिक्सन आणि हफनेगल यांच्या गटाने मांडलेली बेटाची कल्पना समजावली. मोठ्या भूभागाजवळचं एक बेट आहे असं समजा. तोंड म्हणजे तो भूभाग. झोपेत निरोगी माणूसही लाळेचा सूक्ष्म अंश श्वासनलिकेत ओढतो, हवेतूनही थोडे जिवाणू येतात. खोकला, श्वासनलिकेतले सूक्ष्म केस आणि रोगप्रतिकारक पेशी त्यांना सतत बाहेर काढत असतात. निरोगी फुफ्फुसात जे सापडतं ते मुख्यतः या ये-जा करणाऱ्यांचं. आजारात चित्र बदलतं: श्लेष्मा साठतो, ऑक्सिजन कमी होतो, पोषणद्रव्यं वाढतात, आणि काही जिवाणू तिथे ठाण मांडून वाढू लागतात. ही कल्पना मनात बसल्यावर माझा प्रश्नच बदलला. कोण राहतं यापेक्षा कोण येतं, कोण जातं आणि कोण टिकतं, हे बघायचं होतं.

याच दिवसांत डॉक्टरांनी मला स्पायरोमेट्री शिकवली, तीही माझ्यावरच. छाती पूर्ण भरून श्वास घ्यायचा, नळीत जोरात फुंकायचं आणि फुफ्फुस रिकामं होईपर्यंत फुंकतच राहायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली तो आकडा एफईव्ही-वन. दम्यात श्वासनलिका आवळलेल्या असतात म्हणून तो घसरतो आणि औषधाचा फवारा दिल्यावर बराचसा सुधारतो. तीन वेळा फुंकल्यावर मला गरगरलं आणि मी खाली बसले. पुढे दमा असलेल्या माणसाला "आणखी, आणखी, थांबू नका" असं सांगताना ते गरगरणं आठवायचं. दोन फुंकरींमध्ये पुरेसा वेळ द्यायला मी त्यातूनच शिकले.

१४ नोव्हेंबर २०२२ ला एथिक्स कमिटीकडे अर्ज गेला. योजना अशी: सौम्य दमा असलेले आणि निरोगी असे मिळून ४० प्रौढ, प्रत्येकाची एक ब्रॉन्कोस्कोपी (स्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची बारीक लवचीक नळी, श्वासनलिकेत घालून केलेली तपासणी), फुफ्फुस धुऊन घेतलेला द्रव आणि तोंडाची चूळ. अर्जाबरोबर माहितीपत्रक, संमतिपत्र, विम्याचं पत्र, डॉक्टरांच्या विभागाची परवानगी, नमुने किती वर्षं ठेवणार याचा तक्ता. उत्तर ६ जानेवारीला आलं. २३ आक्षेप होते.

त्या संध्याकाळी मी खचले होते. आता तो कागद पुन्हा वाचते तेव्हा वाटतं, अख्ख्या तीन वर्षांत माझं लिखाण इतक्या काळजीने दुसऱ्या कुणी वाचलं नाही. एक आक्षेप भाषेचा होता: "सहभागी व्यक्तीला 'ब्रॉन्कोअल्व्हिओलर लॅव्हाज' हे शब्द कळतील असे आपण कशावरून गृहीत धरले?" मी ते वाक्य चौदा वेळा लिहिलं. शेवटी असं झालं: "तुमच्या फुफ्फुसाच्या एका लहान भागात मिठाचं स्वच्छ पाणी सोडून ते परत ओढून घेतलं जाईल." दुसरा आक्षेप मोबदल्याचा. रक्कम इतकी नसावी की केवळ त्यासाठी कुणी धोका पत्करेल, आणि इतकीही कमी नसावी की त्याचा बुडालेला दिवस भरून निघणार नाही. तिसरा: "सहभागी मध्येच बाहेर पडल्यास त्याच्या नमुन्यांचे काय?" याचा आम्ही विचारच केला नव्हता. मग वाक्य घातलं की तोवर न तपासलेले नमुने नष्ट केले जातील आणि विश्लेषणातून माहिती काढली जाईल. हे वाक्य पुढे माझ्याच पुढ्यात येणार होतं.

आणखी एक आक्षेप माझ्याबद्दल होता. निरोगी गटात पहिली सहभागी मीच व्हावं, असं मी अर्जात लिहिलं होतं. जे दुसऱ्यांना करायला सांगणार ते आधी स्वतः करून बघावं, एवढंच मनात होतं. कमिटीने नकार दिला. गाईडच्या हाताखाली शिकणाऱ्या विद्यार्थ्याची संमती पूर्ण मोकळी आहे असं धरता येत नाही, म्हणून लॅबमधल्या कुणालाही सहभागी करू नये. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. नंतर इतर विद्यार्थ्यांशी बोलताना लक्षात आलं की मी आधी गेले असते तर पुढच्यांना नाही म्हणणं अवघड झालं असतं.

३० जानेवारीला सुधारित अर्ज गेला, ९ मार्चला मंजुरी आली. जैवसुरक्षा समितीची परवानगी मात्र मी मागे ठेवली होती, ती वेगळी मागावी लागली. आणखी तीन आठवडे. दोन्ही अर्ज एकाच वेळी पाठवता येतात का, ते आधी विचारून घ्या. आमच्याकडे येत होते.

आता सहभागी शोधायचे. अटी वाचायला सोप्या, माणसं मिळायला कठीण. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक नको, सहा आठवड्यांत सर्दी-खोकला नको, धूम्रपान नको, एफईव्ही-वन ठरलेल्या मर्यादेखाली नको. अँटिबायोटिकच्या अटीत सगळ्यात जास्त लोक गळले. बऱ्याच जणांना आपण घेतलेली गोळी अँटिबायोटिक होती हेच ठाऊक नव्हतं. सिस्टर गोळ्यांच्या जुन्या पाकिटांचे फोटो मागवायच्या आणि एकेक नाव तपासायच्या. ४० ची योजना होती, आम्हाला मिळाले ३४. कमिटीला तसं पत्र दिलं.

पहिली ब्रॉन्कोस्कोपी मंगळवारी, २३ मे २०२३ ला. सहभागी उपाशीपोटी आले होते. त्यांना सौम्य गुंगीचं औषध दिलं, घसा बधिर केला. त्याआधी मला जे करायचं होतं ते विचित्र वाटेल: अजून कुणाच्याही शरीरात न गेलेल्या, धुऊन निर्जंतुक केलेल्या स्कोपमधून सलाईन सोडायचं आणि ते ट्यूबमध्ये जमा करायचं. स्कोपमध्येच काही असलं तर ते या ट्यूबमध्ये दिसणार. मग डॉक्टरांनी स्कोप आत नेला. स्वरतंतूंच्या खाली जाईपर्यंत सक्शन बंद ठेवलं होतं, म्हणजे वरची लाळ नळीत ओढली जाऊ नये. उजव्या फुफ्फुसाच्या मधल्या खंडात टोक अलगद अडकवून थोडं थोडं करत १६० मिली सलाईन सोडलं. परत आलं ९२. वर फेस होता. मला वाटलं काहीतरी चुकलं. डॉक्टर म्हणाले, "तो फेस चांगला. वायुकोशांतलं सर्फॅक्टंट आहे ते, म्हणजे आपण खोलवर पोहोचलो."

ती बाटली बर्फात घेऊन मी लॅबकडे चालत निघाले. एवढ्याशा पाण्यासाठी एका माणसाने अर्धा दिवस आणि आपला घसा दिला होता. जिना उतरताना कठडा घट्ट धरला होता.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी त्या सहभागींना फोन केला. त्यांना रात्री ताप येऊन गेला होता. लॅव्हाजनंतर काही तासांनी असा ताप काही जणांना येतो आणि बहुधा आपोआप उतरतो. हे माहितीपत्रकात लिहिलेलं असल्यामुळे ते घाबरले नव्हते. तरी आम्ही नोंद केली, कमिटीला कळवलं. नोंद लहान वाटली तरी करा. वर्षाच्या शेवटी अहवालात ती शोधत बसावं लागत नाही.

द्रवाचे आठ भाग करायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे, तळाचा साका उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये. आठ कशाला, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. तंत्रज्ञ म्हणाले, "चार या फ्रीझरमध्ये, चार त्या. फ्रीझर बंद पडतो. माणूसही चुकतो." लेबलं साध्या पेनाने लिहू नका. अल्कोहोलने पुसलं की अक्षर जातं. आम्ही अतिथंडीत टिकणारी छापील लेबलं वापरायचो आणि झाकणावर वेगळा क्रमांक. नावाशी कोड जुळवणारी वही फक्त सिस्टरांच्या कपाटात, तिची किल्ली मॅडमकडेही नव्हती.

फेब्रुवारी २०२४ पर्यंत ३४ जण पूर्ण झाले. डीएनए मी किटने, म्हणजे तयार रसायनांच्या संचाने, जसजसे नमुने येतील तसतसा काढत गेले होते. तेव्हा ते शिस्तीचं वाटत होतं. मार्चमध्ये पहिला सिक्वेन्सिंग रन (मशीनवर डीएनए वाचायची फेरी) झाला. जिवाणू ओळखण्यासाठी १६एस या जनुकाचा एक तुकडा वाचतात. हे जनुक सुमारे १५०० अक्षरांचं, त्यात नऊ बदलते भाग. आम्ही चौथा वाचत होतो. मशीन सुमारे ३९ तास चालतं. त्या दोन रात्री मला झोप लागली नाही.

निकाल बघून आनंद झाला. दमा असलेले एकीकडे, निरोगी दुसरीकडे, आलेखात दोन स्वच्छ पुंजके. मी मॅडमना त्याच रात्री मेसेज केला. सकाळी संगणकाचं काम बघणारा सहकारी येऊन शेजारी बसला आणि त्याने एकच प्रश्न विचारला: "यात किटचे लॉट कुठे आहेत?"

लॉट म्हणजे कारखान्यात एकाच वेळी बनलेली किटची खेप. मी वही काढली. दमा असलेले सहभागी क्लिनिकमधून लवकर मिळाले होते, त्यांचे जवळजवळ सगळे नमुने किटच्या पहिल्या लॉटमध्ये काढलेले. निरोगी लोक उशिरा आले, ते दुसऱ्या लॉटमध्ये. त्याने पुंजक्यांना लॉटप्रमाणे रंग दिले. रंग तंतोतंत जुळले. मग प्रत्येक लॉटबरोबर चालवलेली रिकामी ट्यूब त्याच आलेखावर टाकली. तिच्यात नमुना घातलेलाच नव्हता, फक्त किटची रसायनं होती. ती आपापल्या पुंजक्याच्या मधोमध जाऊन बसली. पहिल्या लॉटमध्ये राल्स्टोनिया, दुसऱ्यात ब्रॅडीरायझोबियम आणि स्फिंगोमोनास. माती-पाण्यातले जिवाणू. ते कुणाच्या फुफ्फुसातून आले नव्हते, बाटलीतून आले होते.

हे जगाला माहीत नव्हतं असं नाही. २०१४ मध्ये सॅल्टर आणि सहकाऱ्यांनी एका जिवाणूचं शुद्ध कल्चर टप्प्याटप्प्याने पातळ करत नेलं आणि दाखवलं की मूळ डीएनए जसा कमी होतो तसे किटमधले परके जिवाणू वाचनात वरचढ होत जातात. तो निबंध मी पहिल्याच महिन्यात वाचला होता, त्यावर टिपणंही काढली होती. पण तो माझ्या कामाला लागू आहे, म्हणजे मी किटचा डबा कुठल्या दिवशी उघडते यालाही लागू आहे, हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही. विष्ठेच्या नमुन्यात जिवाणू इतके असतात की किटमधले चार-दोन त्यात हरवून जातात. फुफ्फुसाच्या द्रवात मुळातच इतके कमी की तेच चार-दोन अख्खं चित्र रंगवतात. आणखी एक गोष्ट इथे लिहून ठेवते: निर्जंतुक म्हणजे डीएनए-मुक्त नव्हे. उष्णतेने जिवाणू मरतो, पण त्याच्या डीएनएचे तुकडे उरतात आणि मशीन तेही वाचतं.

मी दोन दिवस लॅबमध्ये गेले नाही. चूक माझी होती. ३४ माणसांनी घशात नळी घालून घेतली होती आणि मी ते पाणी मातीच्या जिवाणूंत बुडवलं, असंच वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. म्हणाल्या, "दुसऱ्या फ्रीझरमधल्या चार ट्यूबा शाबूत आहेत. यादी करायला ये."

दुसऱ्या रनचे पैसे मंजूर रकमेत नव्हते. एका खात्यातून दुसऱ्यात निधी वळवायचा अर्ज, तीन सह्या, पाच आठवडे. त्या अर्जात कारण लिहायचं होतं. मी "तांत्रिक अडचण" असं लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडून घेतलं आणि काय झालं ते सरळ लिहायला लावलं. मंजूर झालं.

या वेळी आखणी सहकाऱ्याने केली. कुठला नमुना कुठल्या दिवशी, कुठल्या लॉटमध्ये, प्लेटच्या कुठल्या घरात, हे संगणकाने यदृच्छेने ठरवलं. मला फक्त कोड दिसत होते; दमा कुणाला आणि निरोगी कोण, हे ठाऊक नव्हतं. डीएनए काढायच्या प्रत्येक तुकडीत रिकाम्या ट्यूबा. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायच्या टप्प्यात, काही ट्यूबांत नुसतं पाणी. ज्यात कुठले जिवाणू आहेत हे आधीच माहीत असतं, असे दोन तयार मिश्रणाचे नमुने. शिवाय प्रत्येक नमुन्यात एकूण जिवाणूंचा डीएनए किती, याची क्यूपीसीआरने मोजणी. कॅबिनेट रोज ब्लीचने पुसायचं, मग अल्ट्राव्हायोलेट, मग काम.

याच काळात, जून २०२४ मध्ये, एका सहभागी बाईंचा फोन आला. सिस्टर रजेवर होत्या म्हणून तो मी घेतला. त्या म्हणाल्या, "मला यातून बाहेर पडायचं आहे. कारण सांगावं लागेल का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग माझं जे घेतलंय त्याचं काय होईल?"

ते वाक्य मला पाठ होतं. मी त्यांना सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता होती, मग त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. सिस्टर परत आल्यावर त्यांनी वही उघडून फक्त कोड मला दिला. दोन्ही फ्रीझरमधून त्या कोडच्या उरलेल्या ट्यूबा, तोंडाच्या चुळीच्या आणि स्कोप धुतल्याच्याही, बाहेर काढल्या. फॉर्म, साक्षीदाराची सही, माझी सही, मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने सगळं नष्ट करणारं यंत्र. पहिल्या रनच्या फाइलींमधून त्यांच्या ओळी काढल्या. अर्धा तास लागला. मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. एकेक नमुना मिळवायला काय पडतं ते आता मला माहीत होतं. पण हे वाक्य आम्ही संमतिपत्रात लिहिलं नसतं, किंवा लिहून पाळलं नसतं, तर उरलेल्या ३३ सह्यांना काय अर्थ होता?

दुसरा रन ऑगस्टमध्ये झाला. एकूण ११७ ट्यूबा, त्यांतल्या ४९ रिकाम्या: ३३ स्कोपच्या, १२ किटच्या, ४ पाण्याच्या. म्हणजे सिक्वेन्सिंगवर जे गेलं त्याचे पाचातले दोन हिस्से रिकाम्या ट्यूबा वाचण्यात गेले. अर्ज लिहिताना हा खर्च आधीच धरा. नंतर मागायला गेलात की "रिकाम्या ट्यूबांना पैसे कशाला" हे कुणीतरी विचारतंच, आणि तेव्हा तुमच्यापाशी समजावून सांगायला वेळ नसतो.

विश्लेषणाला चार महिने लागले. डिकॉन्टॅम नावाची एक पद्धत आहे. एकूण डीएनए कमी असेल तिथे ज्यांचं प्रमाण वाढतं, किंवा रिकाम्या ट्यूबांत जे वारंवार दिसतात, त्यांना ती संशयित ठरवते. ती यादी आम्ही आंधळेपणाने उडवली नाही, एकेक नाव तिघांनी बसून पाहिलं. कारण स्यूडोमोनास किटमध्येही सापडतो आणि आजारी फुफ्फुसातही. तीन दिवस त्या एका नावावर गेले. मग प्रत्येक नमुन्याची तुलना त्याच माणसाच्या स्कोपच्या ट्यूबशी केली. ३३ पैकी ६ नमुने रिकाम्या ट्यूबांपासून वेगळे ओळखता आले नाहीत. ते वगळले आणि वगळल्याचं लिहिलं. उरलेल्या २७ मध्ये प्रेव्होटेला, व्हेलोनेला, स्ट्रेप्टोकॉकस हे तोंडातले ओळखीचे रहिवासी होते, बेटाच्या कल्पनेला धरून. मार्चमधले ते दोन स्वच्छ पुंजके गायब झाले होते. दमा आणि निरोगी यांत काही फरक आहे की नाही, हे ठामपणे सांगायला २७ नमुने अपुरे आहेत, असं प्रबंधात लिहिलं.

परीक्षकांनी तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त वेळ पहिल्या रनवर घालवला. तो आलेख मी प्रबंधात ठेवला होता, लॉटच्या रंगांसकट. तो ठेवावा की नाही यावर लॅबमध्ये दोन मतं होती. मी ठेवला याचं आजही समाधान आहे. कारण पुढे येणाऱ्या कुणाला स्वतःच्या आलेखात असे सुबक पुंजके दिसले, तर त्याने आधी वही उघडून लॉट बघावेत.

शेवटचा कागद सहभागी लोकांना पाठवायच्या पत्राचा. तोही कमिटीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. सहा आठवडे लागले. एक पान, साध्या भाषेत. कुणाचाही वैयक्तिक निकाल त्यात द्यायचा नव्हता, कारण त्यावरून उपचाराचं काही ठरत नाही, आणि हे सहीच्या वेळीच सांगितलं होतं. आम्ही काय शोधत होतो, पहिल्यांदा काय चुकलं, दुसऱ्यांदा काय मिळालं आणि काय मिळालं नाही, एवढं लिहिलं.

पत्रं गेल्यावर आठवड्याने एका सहभागी गृहस्थांचा फोन आला. दमा असलेल्या गटातले. त्यांनी पत्र नीट वाचलं होतं.

"ते सहा नमुने वगळलेत म्हणता, त्यात माझा होता का?"

"मला ते माहीत नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे फक्त कोड असतात. आणि माहीत असतं तरी सांगता आलं नसतं."

"पण त्या सहांबद्दल लिहिलंत ना कुठेतरी?"

"हो. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात, तक्त्यासकट."

"मग ते प्रकरण मला पाठवता येईल का?"

मॅडमना विचारून दुसऱ्या दिवशी पाठवलं.